धामणगाव ते न्यूयॉर्क: अंतर किती, विमानाला किती तास?

भाऊ, मुलगी शिकायला न्यूयॉर्कला चालली आहे, तर आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेहून ते किती लांब आणि विमानाला किती वेळ, असं तुम्ही विचारलंय. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. थेट विमानाला जाताना 15 ते 16 तास लागतात. येताना तास-दीड तास वाचतो, कारण वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

आपल्याजवळचं नागपूर मुंबईच्या इतकं पूर्वेला, तरी तिथून न्यूयॉर्क जेमतेम साठेक किलोमीटर जास्त! भिंतीवरच्या नकाशात हे पटत नाही. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो पश्चिमेला समुद्रावर न जाता उत्तरेला मध्य आशिया, रशियाकडे चढतो. अर्थात विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा पडून वेळ वाढला होता.

तिकिटावरची वेळ बघून फसू नका. रात्री 2 ला मुंबईहून सुटून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोहोचणार असं दिसलं, की माणसाला वाटतं साडेपाच तासांचा तर प्रवास. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. ते मिळवा, झाले 16. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा.

मी तिकिटं काढून देतो, आणि सगळ्यात मोठा घोळ होतो तो तारखेचा. "12 तारीख, 01:40" म्हणजे 11 ची रात्र सरल्यावर. लोक 12 ला संध्याकाळी बॅगा भरायला काढतात, अन् विमान गेलेलं असतं! अशा तिकिटासाठी 10 ला संध्याकाळी धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस धरा. 11 ला सकाळी मुंबई. गाडी चार तास लेट झाली तरी अख्खा दिवस हाताशी राहतो. समृद्धी महामार्गाने मोटारीनेही जाता येतं, पण दोन मोठ्या बॅगा अन् रात्रभर ड्रायव्हिंग, मला तरी रेल्वेच बरी वाटते.

नागपूरहून विमानानेच मुंबई गाठायची तर पुढच्या विमानासकट एकच तिकीट काढा. वेगवेगळी काढली आणि पहिलं उशिरा आलं, तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही बुडतात. मुंबईच्या विमानतळाला टर्मिनल, म्हणजे प्रवाशांच्या इमारती, दोन आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला रस्त्याने जावं लागतं, हेही आधी बघून घ्या.

बॅगेत तूर डाळ, पापड द्या. संत्री देऊ नका, ताजी फळं अमेरिकेत उतरल्यावर काढून घेतात.