फुटलेली सोलर प्लेट भंगारात देण्याआधी

दादा, तुमच्या ५ एचपीच्या सौर पंपाच्या १५ प्लेटांपैकी दोन गारपिटीत तडकल्या. तिसरी धड दिसते, पण पाणी कमी झालंय, आणि भंगारवाला तिन्ही न्यायला दारात उभा आहे. त्याला एकही देऊ नका. तिसरी तर बहुतेक मेलेलीच नाही.

यवतमाळ जिल्ह्यात मोटारी भरण्याचं (जळालेल्या मोटारीची तार बदलण्याचं) माझं काम आहे, सौर पंपही बघतो. ३३० वॅटच्या प्लेटमध्ये साधारण ७२ सेल असतात, २४-२४ च्या तीन भागांत. मागच्या काळ्या डबीत प्रत्येक भागाला एक डायोड असतो, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा तुकडा. जवळपास वीज पडली की एखादा डायोड शॉर्ट होऊ शकतो, मग त्या भागाची वीज बाहेर येतच नाही. प्लेट सुटी करून कडक उन्हात मीटर लावा. ४५ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर एकही डायोड शॉर्ट नाही. ३० दाखवलं तर एक गेला, १५ तर दोन. गेल्या उन्हाळ्यात एकाने अशीच प्लेट गोठ्यावर टिनाच्या जागी टाकली होती. डबी उघडली तर आत मुंग्यांनी माती भरलेली, मधला डायोड काळाठिक्कर. नवा डायोड टाकला, मीटर पुन्हा ४५ वर. ती प्लेट आज वावरात पाणी देते आहे. डबीत रबरासारखा भराव असेल तर मात्र अख्खी डबी बदलावी लागते.

हे काम स्वतः करू नका, जाणकाराकडूनच करून घ्या. १५ प्लेटा एका ओळीत जोडल्या असतील तर सातशे व्होल्टच्या जवळपास डीसी असतो, आणि ऊन आहे तोवर प्लेट बंद होत नाही. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच, आणि प्लेटांवर ताडपत्री. चालू पंपाचा जोड उपसला तर डीसीची ठिणगी विझत नाही, लांबत जाते. माणूस भाजतो.

तडकलेल्या दोन्ही प्लेटाही वीज करतच असतात. काचेतून ओल आत गेली की फ्रेमला करंट उतरू शकतो, म्हणून पावसाळ्याआधी त्या ओळीतून काढाच. काचेवर रुंद चिकटपट्टी मारा आणि कोरड्या जागी, पोरं-ढोरं जाणार नाहीत अशा ठिकाणी उभ्या ठेवा.

भंगारवाल्याला हवी असते फक्त ॲल्युमिनियमची फ्रेम आणि केबलमधलं तांबं. आमच्या गावामागे नाल्यात मी पाहिलंय: पहारीने फ्रेम उचकटलेली, केबल जाळून तांबं काढलेलं, काचेचा ढीग तसाच सोडलेला. वीस-बावीस किलोच्या प्लेटमध्ये तीन चतुर्थांश काच असते, ॲल्युमिनियम दहावा हिस्सा. उरतं ते सिलिकॉन, तांबं, चांदीच्या बारीक रेषा, आणि डाखात शिसं. पाठीमागचं प्लास्टिक बऱ्याचदा फ्लोरिनचं असतं, ते जाळलं तर विषारी वायू निघतो. फ्रेम निघालेली प्लेट वाहतुकीतच चुरा होते, मग रिसायकलरकडे धड पोचतही नाही.

मग द्यायची कोणाला? ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात सोलर प्लेटा येतात. बनवणाऱ्या कंपनीने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची आणि २०३४-३५ पर्यंत निघणारा प्लेटांचा कचरा सांभाळून ठेवायचा, असं त्यात आहे. तुमचा पंप 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला असेल तर पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा त्यातच आहे. पुरवठादाराकडे तक्रार फोनवर नको, लेखी करा. सोबत फोटो आणि प्रत्येक प्लेटचा सिरियल नंबर. मला एका पुरवठादाराने चार महिने नुसतं "उद्या येतो" म्हणून झुलवलं. नंबर लिहून अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कुठे माणूस आला. म्हणूनच प्लेटा आधी भंगारात गेल्या तर दाखवायला हातात काहीच राहत नाही.

बदली प्लेट घेताना नुसते वॅट बघू नका. एका ओळीत सगळ्यात कमी करंटची प्लेट बाकीच्यांना मागे ओढते. पाठीवरच्या लेबलवरचा करंटचा आकडा जुन्या प्लेटांशी जुळायला हवा. तुमच्या एका चांगल्या प्लेटच्या लेबलचा फोटो टाका, कोणती चालेल ते सांगतो.