जुन्या मारुती ८००चं ऑइल गळतंय? आधी इंजिन पुसा

घाबरू नका, बहुतेक वेळा एका पॅकिंगवर (दोन भागांच्या सांध्यातून तेल गळू न देणारी पट्टी) काम भागतं. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने स्वच्छ करा, कोरडं पुसा. दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि टॉर्च मारून वरून खाली बघत या. तेल ओघळत खाली येतं, वाऱ्याने मागे जातं. चेंबर (इंजिनाखालचं तेल साठवणारं भांडं) ओलं दिसलं की लोक त्याचंच पॅकिंग बदलतात, आणि तेल येत असतं वरच्या टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून!

नवशिके हमखास चुकतात ते इथे:
- बोल्ट आवळत सुटतात. कव्हर वाकतं, गळती वाढते.
- सिलिकॉन थापतात. आत सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो.

ब्रीदरचा पाइप (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल तर नवं पॅकिंगही टिकणार नाही, तो आधी साफ करा. क्रँकच्या ऑइल सीलला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याभोवतीचं रबरी कडं) एवढ्यात हात लावू नका. डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) मात्र रोज सकाळी बघाच.