प्रश्न विचारायला घाबरणारा मुलगा आणि त्याची पहिली मुलाखत

मागे एका आईचा मेसेज आला होता. तो आधी देते, कारण साधारण असाच मेसेज मला दर वर्षी कुणाचा ना कुणाचा येतो, फक्त मूल बदलतं. "मॅडम, मुलगा नववीत आहे. घरी भरपूर बोलतो पण वर्गात कोणाशी बोलत नाही. आता टीचरनी वर्गातल्या एकाची मुलाखत घेऊन त्याचं छोटं व्यक्तिचित्र लिहायला सांगितलंय, जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्यात. दोन दिवस पोट दुखतंय म्हणून झोपून आहे. टीचरना सांगून दुसरा विषय मागून घेऊ का? की मीच प्रश्न काढून देऊ?"

मी म्हटलं ताई, आत्ता दोन्ही करू नका, आधी त्याला माझ्याकडे घेऊन या. आणि पोटदुखीला नाटक म्हणू नका, ती खरी असते. ताण आला की पोटावर परिणाम होतोच, मोठ्यांनाही परीक्षेच्या किंवा इंटरव्ह्यूच्या सकाळी होतो. पण विषय बदलून घेतला तर पोट दुखायचं लगेच थांबेल आणि गोची तिथेच आहे, कारण त्या सुटकेतून मनाला धडा मिळतो की पळालो म्हणून वाचलो, मग पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते आणि आणखी मोठी होऊन येते. सूट देणारे आईबाबा प्रेमापोटीच देतात हे मला कळतं. तरी शक्यतो नको.

आला तेव्हा वही छातीशी धरून बसला होता. नाव अर्थातच लिहीत नाही, थोडे तपशील बदललेत, आणि त्याची, त्याच्या पार्टनरची आणि दोघांच्या घरच्यांची परवानगी घेऊन लिहितेय. मी विचारलं, अजून सुरुवातच केली नाहीस का रे? तर म्हणाला, "झाली मॅडम मुलाखत. चार मिनिटांत संपली." आईला हे माहीतच नव्हतं! म्हणजे पोट दुखायला लागलं ते मुलाखत घ्यायची म्हणून नाही, एकदा घेतली आणि फसली म्हणून.

वही बघितली. दहा प्रश्न होते, समास आखून, नंबर घालून. पूर्ण नाव, जन्मतारीख, घरी कोण कोण, आवडता रंग, आवडता विषय, आवडता खेळ, मोठेपणी कोण होणार वगैरे. प्रत्येकापुढे एक शब्द. निळा. गणित. फुटबॉल. माहीत नाही. आणि खाली त्याने लिहिलेलं व्यक्तिचित्र, "माझा मित्र अतिशय हुशार, मेहनती व मनमिळाऊ आहे. तो सर्वांना मदत करतो." मी नावावर बोट ठेवून ते झाकलं आणि म्हटलं आता वाच, हे वर्गातल्या कोणाकोणाला चालेल? तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, सगळ्यांनाच चालेल. थोड्या वेळाने हळूच, "मलापण चालेल."

मग खरं काय ते बाहेर आलं. प्रश्न त्याला सुचत होते. काही उत्तरांना त्याला वाटलं होतं की असं का, कधीपासून, पण विचारलं नाही, कारण "त्याला वाटेल हा कशाला नाक खुपसतोय. तो वैतागला होता मॅडम, मला कळत होतं." मी विचारलं काय म्हणाला तो? काहीच नाही. तोंड वाकडं केलं? नाही. मग वैतागलाय हे कशावरून? यावर उत्तर नव्हतं.

ही खूप मुलांची अडचण असते आणि त्यांना कुणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते. एरिका बूथबी आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं होतं, अनोळखी माणसांना गप्पा मारायला लावायच्या आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारायचं की समोरचा तुम्हाला किती आवडला आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल. लोक दुसऱ्या प्रश्नाला सरसकट कमी मार्क देत होते. म्हणजे समोरच्याला आपण जितके आवडलेले असतो त्यापेक्षा कमी आवडलो असं धरून चालतात, आणि लाजाळू माणसांत हा फरक जास्त दिसला. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "पण मोठ्यांचंपण असं होतं?" हो रे बाबा, मोठ्यांचंपण.

मग मी म्हटलं, आता माझी मुलाखत घे. तो हसला, पण वही उघडली. "आवडता खेळ?" मी म्हटलं बुद्धिबळ. त्याची नजर लगेच वहीत, पुढचा प्रश्न शोधायला. मी म्हटलं थांब, वही मिट. मी बुद्धिबळ म्हटलं, तुला काहीच वाटलं नाही? तो म्हणाला वाटलं, कोणाबरोबर खेळता. मग विचार की! "कोणाबरोबर?" लहानपणी आजोबांबरोबर खेळायचे, मी म्हटलं, आणि गप्प बसले. तो अस्वस्थ झाला. मी बोटांवर मोजून दाखवलं, एक, दोन, तीन, एवढं थांब, माझं अजून संपलेलं नाही. तिसऱ्या बोटाला मी म्हटलं, रोज संध्याकाळी, आणि मला वाटायचं मीच जिंकतेय. हे मी ठरवून बोलले नव्हते, त्या गप्प बसण्यातून ते आपोआप आलं.

हे तीन सेकंदांचं मी मनाने काढलेलं नाही. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या शिक्षणतज्ज्ञ होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या रेकॉर्डिंगवरून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एखादं सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब व्हायची आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायची. माझ्या या मुलाला थांबणं तर फार छान जमत होतं, आयुष्यभर तेच करत आला होता बिचारा! त्याला वाटत होतं मुलाखत म्हणजे बोलण्याचं काम, आपलं नाही. अरे ते ऐकण्याचं काम आहे, आणि बडबड्या मुलांना ते शिकवायला मला कितीतरी जास्त वेळ लागतो.

नवीन प्रश्नांची यादी आम्ही केली नाही. फक्त ठरवलं की एका उत्तरापाशी निदान तीन प्रश्न थांबायचं. आणि "आवडतं का" असं विचारलं की हो-नाही येतं, त्यापेक्षा "पहिल्यांदा कधी झालं ते सांग" म्हटलं की माणूस एखादा प्रसंग सांगतो. मग मी त्याला डोळे मिटायला सांगितले. तो पार्टनर तुला वर्गात कसा दिसतो? म्हणाला, "पाठ दिसते, माझ्या पुढच्या बाकावर आहे." आणखी? "वही दिसते." वहीत काय? यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "तो सगळीकडे तारीख टाकतो. रफ वहीत पण. कोपऱ्यात, एकदम बारीक, आणि तिला चौकट करतो." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, दहा प्रश्नांत न मिळालेला मुलगा त्या चौकटीत बसलेला होता आणि याने तो कितीतरी महिने रोज पाहिला होता. मी म्हटलं झालं, हे त्याला विचार.

बाकी तयारी साधीच. सगळ्यांसमोर नको, पण समोरासमोर खुर्च्या टाकूनही नको, शेजारी शेजारी बसा, एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसायला लागलं नाही की लाजाळू माणसाची जीभ सैल होते. लिहून घेऊ का हे आधी विचार, आणि पूर्ण वाक्यं लिहीत बसू नकोस, एखाददुसरा शब्द टिपून ठेव आणि घरी गेल्या गेल्या बाकीचं उतरव, रात्री आठवू म्हटलं की अर्धं जातं. आणि तूही सांग. त्याला हे पटत नव्हतं, मुलाखत त्याची आहे ना. मग मी त्याला आर्थर अरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९७ मधला प्रयोग सांगितला, ज्यात अनोळखी जोड्यांना ३६ प्रश्न दिले होते, सोपे आधी आणि खासगी हळूहळू नंतर, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. साधारण पाऊण तासात त्या माणसांना एकमेकांबद्दल जी जवळीक वाटली ती नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा जास्त होती. एकटाच उत्तरं देत बसला की चौकशी चालल्यासारखं वाटतं, हे त्याने स्वतःच म्हटलं मग.

पुढच्या आठवड्यात आला तो दारातूनच बोलत आला. पार्टनरची ही पाचवी शाळा होती, वडिलांच्या बदल्यांमुळे. तारखेचं विचारल्यावर तो म्हणाला होता, "तारीख असली की कळतं तेव्हा मी कुठे होतो." मी काही बोललेच नाही, काय बोलणार त्यावर.

पण चेहरा अर्धाच खुश होता. म्हणाला, "मॅडम, त्याने अजून एक सांगितलं. ते सगळ्यात भारी आहे. पण नंतर म्हणाला हे लिहू नकोस. लिहिलं तर माझं खूप चांगलं होईल. नाव न घालता लिहू का?" मी म्हटलं व्यक्तिचित्र त्याचंच आहे, नाव काढून काय उपयोग, आख्ख्या वर्गाला कळणार. तरी मी दोन गोष्टी स्पष्ट विचारल्या, आणि कोणत्याही मोठ्या माणसाने विचाराव्यात. त्याला कोणी इजा करतंय किंवा त्रास देतंय असं काही आहे का? तो स्वतःला काही करून घेईल असं वाटतंय का? असं असेल तर गुपित ठेवायचं नसतं, लगेच भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचं असतं, मित्र रागावला तरी. दोन्हीला नाही म्हणाला, विचार करून म्हणाला. मग ते त्याचं, मी म्हटलं, त्याने ते मुलाखत घेणाऱ्याला नाही सांगितलं, तुला सांगितलंय. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "मग तुम्हालापण नाही सांगत." मला ते आजही माहीत नाही. त्या दिवशी या मुलाबद्दलची माझी उरलीसुरली काळजी मिटली.

लिहायला मात्र दम लागला. पहिल्या खर्ड्यात परत नाव, जन्म, घरी कोण असंच क्रमाने आलं होतं आणि चौकट तळाला. मी एवढंच विचारलं की मला भेटल्यावर तू आधी काय सांगितलंस? ती चौकट. मग तिथूनच सुरू कर ना, जन्मतारीख मधे कुठेतरी सहज येऊ दे. हुशार, मेहनती ही विशेषणं त्याने स्वतःच खोडली कारण त्याच्याकडे आता सांगायला गोष्ट होती. दीड पान झालं. टीचरना द्यायच्या आधी पार्टनरला वाचून दाखवायचं अशी माझी अट होती. त्याला परत पोटात गोळा आला, पण दाखवलं. पार्टनरने दोनच बदल सांगितले, एका शाळेचं वर्ष चुकलं होतं ते, आणि एका ठिकाणी याने "बिचाऱ्याला सारखं शाळा बदलावी लागते" लिहिलं होतं त्यातलं बिचाऱ्याला काढ म्हणाला. (वर मीही याला बिचारा म्हटलंय, हे मला लिहिताना लक्षात आलं, तेव्हा तो शब्द मागे घेते.) कीव केलेली कोणालाच आवडत नाही आणि ते लिहिणाऱ्याला आपलं आपल्याला दिसत नाही, म्हणून वाचून दाखवायचं.

आता त्या आईच्या प्रश्नाचं. प्रश्न काढून देऊ नका, तुमचे प्रश्न तुमचेच राहतात, मूल नुसता निरोप्या होतं. त्याऐवजी त्याला तुमची मुलाखत घेऊ द्या, घरी, अर्धा तास, मोबाईल बाजूला ठेवून. आणि खरी उत्तरं द्या, "आमच्या वेळी असं नव्हतं" यावर गाडी नेऊ नका, पोरं तिथेच वही मिटतात. शाळेतून आल्यावर "बोललास का आज कोणाशी" हे रोज विचारणं बंद करा, त्याने फक्त हजेरी लागते. त्याऐवजी आज काय दिसलं विचारा.

आणि लाजाळू असणं हा आजार नाही हे मी पुन्हा पुन्हा सांगते. पण घरी नीट बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त तोंडच उघडत नसेल, किंवा लोकांसमोर जायची भीती सहा महिन्यांच्या वर टिकून असेल आणि त्यापायी शाळा, खेळ, मित्र सुटत चालले असतील, तर वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञांना दाखवा, यावर चांगले उपचार आहेत आणि लवकर गेलेलं बरं. या मुलाला तशी गरज नव्हती, आमची एकूण चार सेशन झाली.

चौथ्याच्या शेवटी तो उठला, वही बॅगेत टाकली, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "मॅडम, ते आजोबा तुम्हाला मुद्दाम जिंकू द्यायचे हे तुम्हाला कधी कळलं?" मी त्याला असं काही सांगितलंच नव्हतं, मला वाटायचं मीच जिंकतेय एवढंच म्हटलं होतं, तेही तीन आठवड्यांपूर्वी. पुढची अपॉइंटमेंट बाहेर बसलेली होती, त्यांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं. तो परत येऊन खुर्चीवर बसला, बॅग मांडीवरच ठेवून, आणि मी सांगायला लागले.