चारचा अलार्म आधी बंद कर

अगं,

आपली गाठच पडत नाही म्हणून चार ओळी खरडून तुझ्या दाराच्या फटीतून सरकवतेय, मी नाईट करून येते तोवर तू अभ्यासिकेत गेलेली असतेस आणि तू परत येतेस तेव्हा माझी निघायची घाई. पण माझा ऑफ असतो ना त्या रात्री तुझा अलार्म खाली मला स्पष्ट ऐकू येतो, चारचा, मग चार पाचचा, मग चार दहाचा, फोन टेबलावर थरथरत सरकतो तो आवाजसुद्धा येतो. शेवटी पावणेपाचला उठतेस. आणि परवा जिन्यात म्हणालीस, ताई सकाळी दहा वाजले की पुस्तकावरच डोळा लागतो, माझ्यात विल पॉवरच नाही.

विल पॉवरचा काय संबंध यात? साडेबारापर्यंत तुझ्या खिडकीत लाईट असते. साडेबारा ते पावणेपाच किती झाले तूच मोज, तुझ्या वयाला ७ ते ९ तास लागतात. शाळेच्या भिंतीवर 'लवकर निजे, लवकर उठे' होतं, आपण सगळ्यांनी त्यातलं दुसरं तेवढं उचललंय.

मुळात हे चारचं खूळ आलं कुठून? तुझी आई म्हणते ब्राह्ममुहूर्तावर केलेला अभ्यास डोक्यात बसतो. बरं, पण ब्राह्ममुहूर्त घड्याळावर ठरत नाही गं, सूर्योदयावर ठरतो, सूर्य उगवायच्या आधी ९६ मिनिटं तो सुरू होतो. आणि साताऱ्यात जानेवारीत सूर्य उगवतो सातच्या पुढं, म्हणजे मुहूर्त लागतो साडेपाचच्या आसपास! चारला तुझा अलार्म वाजतो ती निव्वळ मध्यरात्र. त्यात आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरच्या हिशोबानं, प्रमाणवेळ ८२.५ अंशाची आणि सातारा ७४ वर, साडेआठ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं धरली तर झाली ३४ मिनिटं. म्हणजे तुझ्या फोनवर चार वाजलेले असतात तेव्हा साताऱ्याच्या सूर्याच्या हिशोबानं साडेतीनसुद्धा वाजलेले नसतात. भूगोलात हे घोकलं असशीलच, स्वतःच्या उशाशी कधी लावून बघितलं नाहीस.

मी रात्रीची ड्युटी करते म्हणून ठामपणे सांगते, तीन ते पाच हा शरीराचा सगळ्यात पडेल वेळ. अंगाचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं, डोकं मंद चालतं. त्या दोन तासात औषध देताना मी पेशंटचं नाव एकदा केसपेपरवर वाचते, एकदा हातातल्या पट्टीवर, मग परत केसपेपरवर, आणि बरोबरच्या सिस्टरला पण बघायला लावते. दुपारच्या ड्युटीला एवढं डोकं लागत नाही. आणि तू नेमकी त्याच वेळात राज्यघटनेची कलमं पाठ करायला बघतेस. तुझा पेपर काय पहाटे चारला आहे का?

आता घोकलेलं पक्कं कधी होतं, तर झोपेतच. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि पहाटेकडं स्वप्नांची झोप वाढत जाते, अभ्यासाला दोन्ही लागतात. पावणेपाचला उठून तू शेवटचा भाग कापून टाकतेस, आणि साडेबाराला झोपून ते भरून निघत नाही.

तर करायचं काय. सहाची वेळ धर. चार नाही, साडेचार नाही, सहा. आणि ती रोज, रविवारी पण, हे महत्त्वाचं आहे कारण रविवारी तू साडेनऊपर्यंत ताणून देतेस आणि मग रात्री एकपर्यंत झोप येत नाही आणि सोमवारी परत रडगाणं. शरीरात स्वतःचं एक घड्याळ असतं, ते आपल्या आठवड्याच्या सुट्ट्या मानत नाही. १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच माणसानं लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं तरी त्याची पानं वेळेवर उघडत मिटत राहिली. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, लिहून ठेव, विज्ञानात विचारतील.

या घड्याळाची किल्ली म्हणजे सकाळचा उजेड. खोलीतली ट्यूब नाही, बाहेरचं आभाळ. जुलैत साताऱ्यात ऊन दिसत नाही हे मला पण कळतं, पण ढगाळ आभाळाचासुद्धा उजेड ट्यूबच्या कितीतरी पट असतो. उठलीस की तोंड धुऊन गच्चीत जा, नाहीतर चार भिंती स्मारकाकडं चालत जा, वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. आणि उठल्याउठल्या डोकं जड वाटलं म्हणून झोप झाली नाही असं समजू नको, पहिला अर्धा तास सगळ्यांचाच तसा असतो. त्या अर्ध्या तासात स्वतःबद्दल काही ठरवायचं नाही, परत आडवं तर अजिबात व्हायचं नाही.

रात्री साडेदहाला अंथरुणात. एकदम जमणार नाही, तुमच्या वयात ते घड्याळ तसंही जरा उशिराकडं झुकलेलं असतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडं ये. अभ्यासिकेबाहेरचा रात्री नऊचा चहा मात्र आजपासून बंद! त्यातलं कॅफीन दोन-अडीचला पण निम्मं अंगात असतं, झोप लागते तुला, पण कच्ची लागते. पाचनंतर चहा नको, मैत्रिणी घेत असतील तर शेंगदाणे खात उभी रहा. फोनचं मी काही सांगत नाही, तुला माहितीय.

दुपारी जेवल्यावर वीस मिनिटं डुलकी काढलीस तरी चालेल, मी तर म्हणते काढच. पण चारच्या आत.

आणि एक, हे सगळं महिनाभर नीट करून, सात-आठ तास झोपून सुद्धा सकाळी अंग ओढत चालावं लागलं, तर ती झोपेची गोष्ट नाही. तुला जिना चढताना दम लागतो ते मी बघितलंय, पाळीला जास्त जातं म्हणालेलीस. रक्त कमी असलं की कितीही झोपा, थकवा हटत नाही, थायरॉईडचंही तसंच. खरंतर महिनाभर थांबूच नको, या गुरुवारी माझी सकाळची ड्युटी आहे, नऊपर्यंत ओपीडीला ये, डॉक्टरांना दाखवू आणि हिमोग्लोबिन करून घेऊ. त्याला उपाशी यावं लागत नाही, पोहे खाऊन ये.

ताई