उंदराच्या मेंदूत प्रकाश सोडून त्याला खोटा स्पर्श जाणवून देता येतो असं वाचलं. हे कसं करतात, आणि उंदराला खरंच काही जाणवतं का?

तुमच्या प्रश्नातल्या त्या 'खरंच'वरून माझं आणि माझ्या गाइडचं सात महिने वाजलं होतं. त्यामुळे 'कसं करतात' हा भाग घाईघाईने उरकतो, राग मानू नका.

उंदीर अंधारात मिशांनी चाचपतो हे तुम्हाला माहीत असणारच. त्या मिशांच्या ए ते ई अशा पाच रांगा असतात, आणि मेंदूच्या बाहेरच्या सालीत प्रत्येक मिशीचा स्वतंत्र कप्पा असतो, त्याच रांगांच्या क्रमाने. 1970 साली वूल्सी आणि व्हान डर लूस यांनी चौथ्या थरात हे पिंपासारखे कप्पे दाखवले, म्हणून नाव बॅरल कॉर्टेक्स. 'सी2', म्हणजे सी रांगेतली दुसरी, म्हटलं की चेहऱ्यावरची मिशीही कळते आणि मेंदूतला पत्ताही. फक्त बाजू उलटी: उजवी मिशी, डावा मेंदू.

प्रकाशाची कामं दोन. पहिलं बघण्याचं. कवटी घासून पातळ करायची, लाल प्रकाश टाकायचा, वर कॅमेरा लावायचा आणि एकच मिशी काही सेकंद हलवत राहायची. तिच्या कप्प्यातल्या रक्तात ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन थोडा वेळ वाढतं, ते लाल प्रकाश जास्त शोषतं, आणि तेवढा ठिपका काळपट होतो. किती काळपट? हजारात एखादा भाग, बऱ्याचदा त्याहूनही कमी. एका फोटोत काहीही दिसत नाही. तेच वीस-तीस वेळा करून सरासरी काढली की राखाडी धुरातून सी2 वर येतो. मला यात हात बसला होता आणि त्याचा मला आजही माज आहे.

दुसरं काम चेतवण्याचं, म्हणजे ऑप्टोजेनेटिक्स. चॅनेलरोडॉप्सिन हे एका हिरव्या शेवाळातलं प्रथिन. निळा प्रकाश पडला की ते उघडतं, पेशीत धन आयन शिरतात आणि न्यूरॉन पेटतो. त्याचं जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत हव्या त्या कप्प्यात टोचायचं, तीनेक आठवडे थांबायचं, मग ऑप्टिकल फायबरने निळा लेसर सोडायचा. 2008 साली निघालेल्या एका गाजलेल्या शोधनिबंधात दिसलं की बॅरल कॉर्टेक्समधल्या साधारण 300 पेशी एकेकदा पेटल्या तरी उंदीर 'काहीतरी झालं' असं सांगतो. पाच झटक्यांची माळ दिली तर सुमारे 60 पेशीही पुरतात.

उंदीर 'सांगतो' म्हणजे नळी चाटतो. लेसर लागला आणि चाटलं की पाण्याचा थेंब. लेसर नसताना चाटलं की काही नाही. इथेच माझी कथा सुरू होते.

आमच्याकडे आठ उंदीर होते. त्यांतला सहा नंबरचा भलताच हुशार. चौथ्या दिवसापासून शंभरात नव्वद बरोबर. गटाच्या बैठकीत सर त्याचाच आलेख दाखवायचे. पुढे तपासणीसाठी त्याच्या मेंदूचे काप मीच केले. चॅनेलरोडॉप्सिनला चमकणारं पिवळं प्रथिन जोडलेलं असतं, त्यामुळे ते जिथे आहे तिथे काप सूक्ष्मदर्शकाखाली उजळतो. सहा नंबरचा एकही काप उजळला नाही. मी दिवा तपासला, फिल्टर बदलला, दुसऱ्या उंदराचा काप ठेवून पाहिला. तो छान चमकला. म्हणजे टोचताना सुई तुंबली असावी आणि विषाणू आत गेलाच नसावा. आमच्या सर्वांत हुशार उंदराच्या मेंदूत प्रकाशाला दाद देणारं काहीच नव्हतं.

सर म्हणाले, "एखादा असा निघतोच. वगळ."

मी म्हणालो, "सर, त्याला दिवा दिसत होता."

"डोक्यावर काळं सिमेंट आहे. दिसेल कुठून?"

"आतून."

यावर सर हसले. ते हसू मी विसरलेलो नाही. मेंदूत सोडलेला प्रकाश ऊतींतून विखरत जातो आणि डोळ्याच्या पडद्यावर मागून पोचू शकतो, हे पुढे इतरांनी रीतसर मोजून छापलं. शिवाय फायबरच्या जोडापाशी गळती असतेच. उंदराच्या डोळ्यात आपल्यासारख्या लाल रंगाच्या शंकूपेशी नाहीत, म्हणून आम्ही खोलीत लाल दिवा लावून काम करायचो. त्याच्या दृष्टीने तो जवळजवळ अंधारच. अशा अंधाराला सरावलेल्या प्राण्याजवळ निळा लेसर उघडायचा आणि त्याला दिसणार नाही असं धरून चालायचं? वर लेसरच्या शटरचा 'टक' आवाज निराळाच.

एका रविवारी कुणाला न विचारता मी उरलेल्या सहा उंदरांवर साधी चाचणी केली. फायबर डोक्याला जोडलंच नाही, बोटभर वर हवेत धरलं आणि लेसर चालू केला. सहापैकी पाच उंदीर चाटले.

आता तुम्ही या क्षेत्रात यायचा विचार करत असाल तर ऐका. विषाणू न टोचलेले, पण बाकी सगळं तेच सोसलेले उंदीर, म्हणजे कंट्रोल, पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा. शेवटी नाही, 'वेळ उरला तर' तर मुळीच नाही. प्रत्येक फेरीत, लेसर असो वा नसो, डोळ्यांसमोर त्याच रंगाचा मास्किंग दिवा, म्हणजे लेसरची चमक झाकणारा दिवा, लुकलुकवा. शटरचा आवाज दोन्ही प्रकारच्या फेऱ्यांत सारखाच होऊ द्या. आणि कंट्रोलला 'जास्तीचे प्राणी' म्हणणाऱ्या गाइडकडे काम करू नका, त्याच्या शोधनिबंधांची यादी कितीही लांबलचक असो. प्रकाशाने ऊती तापते आणि नुसत्या उष्णतेनेही न्यूरॉनची चाल बदलू शकते. तेही हेच कंट्रोल पकडतात.

राहिला तुमचा 'खरंच'. मास्किंग दिवा लावल्यावर सहाही उंदरांचे गुण कोसळले, चाटणं निव्वळ अंदाजपंचे. पण दोन आठवड्यांत तिघं पुन्हा वर आले, आणि आता फायबर हवेत धरलं तर ते ढुंकूनही बघत नव्हते. म्हणजे त्या तिघांना आतून काहीतरी कळत होतं. सर इतकं तरी बरोबर होते, हे कबूल करायला मला त्या वेळी फार जड गेलं.

ते 'काहीतरी' स्पर्शासारखंच होतं का, हे आमच्या प्रयोगातून सांगता येत नाही. चाटणं म्हणजे फक्त 'हो'. 2013 मध्ये एका गटाने याहून देखणं काम केलं: मिशीने खांब ओळखायला शिकलेल्या उंदराची मिशी ठरावीक जागी पोचली की त्याच क्षणी चौथ्या थरावर प्रकाश. तिथे खांब नसतानाही उंदीर खांब असल्यासारखे वागले. मला विचाराल तर खोट्या स्पर्शाचा याहून चांगला पुरावा नाही. पण 2018 च्या एका कामात बॅरल कॉर्टेक्स कायमचं काढून टाकलेले उंदीरही मिशांचं काम थोड्याच दिवसांत पुन्हा करू लागले. तेव्हा 'स्पर्श इथेच जाणवतो' असं कुणी छातीठोक सांगितलं तर जरा थांबा. आणि माझे आकडे सहा उंदरांचे आहेत, हेही ध्यानात ठेवा.

सहा नंबरला शेवटी वगळलं नाही. तो कंट्रोलच्या रकान्यात गेला, आणि त्या रकान्यात तो एकटाच होता.