सासूबाईंवर चिडते आणि मग उपास धरते

सोलापूरच्या पूर्व भागातून एक वाचक लिहिते: ‘मावशी, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. सगळं मीच करते. पण त्यांनी तेच तेच विचारलं की माझा आवाज चढतो, पाण्याच्या दिवशी तर हमखास. चिडले की त्या रात्री जेवत नाही, सोमवारी निर्जळी धरते. मी मुळातच वाईट आहे. सिद्धेश्वराच्या देवळात जायचंही सोडलंय, कुठल्या तोंडानं जाऊ?’

अगं, आधी रात्रीची जेवायला लाग. भर उन्हाळ्यात, चार-पाच दिवसांनी आलेलं पाणी भरून, वर रिकामं पोट! कुणाचा आवाज चढणार नाही? शिक्षा म्हणून धरलेला उपासच तुझी चिडचिड वाढवतोय. उपास देवासाठी करावा, स्वतःवर सूड उगवायला कशाला?

‘चिडले’ हे खरं. ‘मुळातच वाईट’ हा मात्र तू लावलेला निकाल. एकदा निकाल लावला की पुढे काही बघायचं उरत नाही, आणि तुला तर बघायचंय. बादल्या भरून कंबर धरलेली, हातात ओली चादर, आणि त्या पुन्हा विचारतात, ‘नळ आला का गं?’ त्या क्षणी रागाच्या खाली काय असतं? मला तरी थकवा दिसतो, थोडी भीतीही. त्या थकलेल्या बाईला शेजारणीला म्हणशील तसं म्हण, ‘दमलीस ना, टेक जरा.’ देवाचं नाव त्यानंतर घे. मन तेव्हा कुठे थाऱ्यावर येतं.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. आवाज चढलाच तर लगेच जवळ बसून ‘आई, चुकलं माझं’ म्हण आणि विषय तिथंच संपव. हात उचलावासा वाटला तर खोलीबाहेर पड आणि त्याच दिवशी घरात सांग. त्यांचं विसरणं वाढत असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. स्मृतिभ्रंश असेल तर त्या मुद्दाम विचारत नाहीत.

आता देवळाचं. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, संमती कट्ट्यावर योगदंडाच्या लग्नाच्या अक्षता टाकल्या असतीलच ना तू? त्या लग्नाची गोष्ट आठव. कुंभाराच्या मुलीचा सिद्धरामेश्वरांवर, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांवरच, जीव जडला. ते योगी, लग्न शक्य नव्हतं. पण त्यांनी तिला झिडकारलं नाही, आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. एका मुलीच्या हट्टाला ज्यांनी इतकं जपलं, ते तुझ्या चढलेल्या आवाजाला दार लावतील होय? आहे त्या तोंडानं जा.

आणि हो, एवढ्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख कुठेच नाही. आई त्यांची आहे. सोमवारी संध्याकाळी तू तळ्यातल्या देवळात जाशील तेव्हा त्यांनी तिच्याजवळ बसायचं, चादरही बदलायची. विचारू नकोस, आजच सांगून टाक.