'वी आर युवर फ्रेंड्स' बघून धाकटा भाऊ डीजे व्हायचं म्हणतोय. सिनेमात दाखवलंय तसं खरंच असतं का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ १९ वर्षांचा आहे, एसवायला आहे, आणि हा सिनेमा बघितल्यापासून कॉलेज सोडायचं म्हणतोय, त्यावरून घरात रोज खटके उडताहेत. मी विक्रोळीचा. २००६ साली एका साउंडवाल्याकडे वायरी गुंडाळायला लागलो. आज हळदी, लग्नं, गणपती, अधूनमधून एखादा क्लब असं सगळं वाजवतो आणि त्यावरच घर चालतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिनेमा २०१५ चा, दिग्दर्शक मॅक्स जोसेफ. झॅक एफ्रॉनने कोल नावाच्या मुलाचं काम केलंय. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत तो आणि त्याचे तीन मित्र राहतात, आणि एक ट्रॅक गाजला की आपलं नशीब फळफळेल असं त्याला वाटतं. जेम्स रीड नावाचा नावाजलेला पण आतून थकलेला डीजे त्याला हाताशी धरतो. कोल या जेम्सच्याच मैत्रिणीच्या प्रेमात पडतो, मधे कोलचा एक मित्र मरतो, आणि शेवटी मोठ्या स्टेजवर कोल स्वतःचा ट्रॅक वाजवतो. अमेरिकेत २३०० हून जास्त थिएटरांत लागूनही पहिल्या तीन दिवसांत जेमतेम १८ लाख डॉलर आले, म्हणजे सपशेल आपटला. तरी मी तो चार वेळा बघितलाय, आणि दर वेळी एकाच जागेसाठी. तिकडे येतोच, पण आधी १२८ चं बोलू, कारण तुमचा भाऊ घरात तेच बोलत असणार.

पूल पार्टीच्या प्रसंगात कोल समजावतो की आधी बेसने, म्हणजे खालच्या जड आवाजाने, लोकांना पकडायचं, मग हळूहळू वेग चढवत १२८ बीपीएमवर न्यायचं, तिथे लोकांच्या हृदयाचे ठोके आणि तुझे बीट जुळतात. बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके. ऐकायला फार छान वाटतं. पण बसल्या जागी आपलं हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा धडधडतं आणि नाचताना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे, दमाप्रमाणे वाढतं. शंभर माणसांची शंभर हृदयं एका आकड्यावर येऊन थांबत नाहीत. हाउस संगीत साधारण १२० ते १३० मध्ये चालतं, डबस्टेप १४० च्या आसपास, ड्रम अँड बेस १७० च्या पुढे, आणि तिन्हीवर माणसं जीव तोडून नाचतात. १२८ चा खरा फायदा हिशेबाचा आहे. त्या वेगाला ६४ ठोके बरोबर ३० सेकंदांत बसतात. चार-चार ठोक्यांच्या सोळा फेऱ्या, की अर्धं मिनिट. बरेचसे ट्रॅक आठ आणि सोळाच्या पटीत बांधलेले असतात, त्यामुळे पुढचं गाणं कुठे आत घ्यायचं ते घड्याळ न बघता अंगात भिनतं. भावाला हे सांगा, त्याला आवडेल.

आता आमच्याकडे हे १२८ कसं कोसळतं ते सांगतो. २०१० ची गोष्ट असेल. एका कोळीवाड्यात हळदीची सुपारी, म्हणजे वाजवायचं काम, मिळालं होतं, मला पहिल्यांदाच एकट्याला. महिनाभर घरी हेडफोन लावून सेट बसवला होता, १२४ पासून १२८ पर्यंत चढत जाणारा, पुस्तकात असावा तसा. लावला. पोरं पाचदहा मिनिटं उड्या मारून बाजूला झाली, बायका खुर्च्यांवर बसून राहिल्या. मी आवाज वाढवला. लोक आणखी मागे सरकले.

तेव्हा नवऱ्या मुलाची एक मावशी थेट माझ्या टेबलापाशी आली. हळद लावून आली होती, दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. तिने गाण्याचं नाव सांगितलं नाही, फरमाईशही केली नाही. टेबलाच्या सनमायक्यावर तळव्याने ठेका धरला आणि म्हणाली, "ह्ये वाजव." तो सहाचा ठेका होता. कोळीगीत सहाच्या चालीवर डोलतं, आणि मी मघापासून चारचा ठोका हाणत होतो. पेन ड्राइव्हमध्ये जुनी चार-पाच कोळीगीतं होती, तीही केवळ असावीत म्हणून टाकलेली. पहिलं लावलं. मावशी वळेपर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. घरी जाताना सामान आवरायला घेतलं तर टेबलावर तिच्या पंज्याचा पिवळा ठसा तसाच होता, आणि मिक्सरच्या कडेलाही थोडी हळद लागली होती. ती मी बरेच दिवस पुसली नाही.

त्या रात्रीपासून मी पायांकडे बघायला शिकलो. हात वर असतात ते पुष्कळदा मोबाइल धरायला. पाय खरं सांगतात. पाय जमिनीवरून उचलले जात नसतील तर गाणं कितीही गाजलेलं असो, बदलायची वेळ झाली. आणि सहाच्या चालीतून चारच्या चालीत सरळ उडी मारता येत नाही, ठेका पायातून निसटतो. मधे नुसता ढोल किंवा कच्छी बाजाचा तुकडा टाकावा लागतो, तोवर लोक टाळ्या वाजवतात आणि नवीन चाल अंगात उतरते. जुन्या गाण्यांची आणखी एक गंमत म्हणजे ती माणसांनी प्रत्यक्ष बसून वाजवलेली आहेत, त्यांचा वेग अंतऱ्यात थोडा पळतो, मुखड्यावर थोडा बसतो. तिथे मशीनचं सिंकचं बटण, जे दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवतं, दगा देतं. कानाने धरायचं आणि पिचची, म्हणजे वेग कमीजास्त करायची, पट्टी बोटाने वरखाली करत राहायची. बीट मॅचिंग, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवणं, मी शिकलो ते या गाण्यांवर, क्लबातल्या ट्रान्स संगीतावर नव्हे.

आता ती जागा, जिच्यासाठी मी सिनेमा पुन्हा बघतो. जेम्स रीड कोलचं काम ऐकतो आणि त्याला स्पष्ट सांगतो की यातले आवाज दुसऱ्यांची नक्कल आहेत, आजूबाजूचे खरे आवाज ऐक. कोलला राग येतो. पुढे मित्र गेल्यावर तो फोनवर टिपलेले रोजच्या जगण्यातले आवाज घेऊन बसतो, त्यात त्या मित्राचा आवाजही असतो, आणि त्यातून शेवटचा ट्रॅक उभा राहतो. बाकी सिनेमात पार्ट्या आहेत, नशा आहे, प्रेमाचा त्रिकोण आहे, तो भाग मला बेताचाच वाटला. पण हे एक त्यांनी अगदी बरोबर पकडलंय. डीजेची कमाई कानावर असते.

मी ते बघून काय केलं ते सांगतो. विक्रोळी स्टेशनबाहेर तेव्हा एक रसवंती होती. उसाच्या चरकाला घुंगरं बांधलेली असतात ते तुम्हाला माहीत असेलच. ऊस आत जाताना घुंगरं दाटीने वाजतात, पिळून होत आलं की सुटी सुटी होतात, आणि मग चोथा दुमडून पुन्हा आत घालेपर्यंत एक श्वासभर थांबतात. क्लबातले सगळे ट्रॅक ज्यासाठी धडपडतात तो बिल्डअप, म्हणजे चढत जाणारा ताण, आणि त्यानंतरची ती स्तब्धता त्या चरकात फुकट होती. मी फोन काउंटरवर ठेवून सात-आठ ग्लास रस होईपर्यंत आवाज टिपला. मग लोकल रूळ बदलताना होतो तो खडखडाट टिपला, दाराशी उभं राहून. माझे वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच. त्यांना विचारलं की साच्यांचा, म्हणजे मागांचा, आवाज कसा होता, तर त्यांनी जेवता जेवता ताटाच्या कडेवर चमचा आपटून दाखवला, दोन जवळ, एक लांब. तोही घेतला. तो चमचा आजही माझ्या गणपतीच्या सेटच्या सुरुवातीला वाजतो. ऐकणाऱ्याला कळत नाही ते काय आहे. वडील २०१९ मध्ये गेले.

म्हणून भाऊ सिनेमाने भारावलाय याची चिंता करू नका. त्याला कुठला प्रसंग आवडला ते विचारा. शेवटची गर्दी म्हणाला तर अजून वेळ आहे. आवाज गोळा करतो तो भाग म्हणाला तर माझ्या मते मुलात काहीतरी आहे.

सिनेमात जे नाही तेही त्याला कळू द्या. कोल स्टेजवर येतो तेव्हा सगळं लागलेलं असतं. आमच्यात पहिली काही वर्षं टेम्पोतून बेस आणि टॉपचे स्पीकर उतरवणं, जनरेटरवाल्याच्या मागे लागणं, पावसात मिक्सरवर प्लास्टिक धरून उभं राहणं हेच काम असतं. त्यातूनच कुठल्या हॉलमध्ये बेस घुमतो, कुठे भिंतीवरून आवाज उलटा येतो ते कळतं. दुसरं, वेळ. उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करायचे असतात. सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांना १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्यात गणपती-नवरात्रीचे दिवस येतात. म्हणजे मुंबईत उघड्यावरची हळद ९.५० ला टिपेला पोचवता आली पाहिजे. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलं तर लोक तेवढंच लक्षात ठेवतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी समोरच्या इमारतीत कुणाची आजी झोपलेली असते, कुणाची दहावी असते. मी दहाच्या ठोक्याला बंद करतो आणि पोरांनी शिव्या दिल्या तरी पुन्हा लावत नाही.

पैशाचं सांगतो. सिनेमात कोल पोट भरायला अशा माणसाकडे लागतो जो कर्जात बुडालेल्यांची घरं स्वस्तात काढून घेतो, आणि ते त्याला आत कुठेतरी खात राहतं. नाव होईपर्यंत खायचं काय, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही, हे मला आवडलं. माझंही तसंच झालं. लोअर परळला, जिथे पूर्वी गिरण्या होत्या तिथल्या एका क्लबात मी चार शनिवार वाजवलं, "तुला नाव मिळेल" या बोलीवर. नाव बोर्डवर लागलं नाही आणि पैसेही आले नाहीत. त्या महिन्याचं घरभाडं मी हळदीच्या सुपाऱ्यांवर काढलं. तेव्हापासून ठरवलंय, ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय टेम्पो सांगायचा नाही. भावाला हा नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.

आणि कान. हे मी हात जोडून सांगतो. आठ तास सलग ऐकायला ८५ डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. विसर्जनाच्या ट्रकवर स्पीकरला पाठ लावून आम्ही सहा-सहा तास उभे राहिलो. २०१३ च्या विसर्जनानंतर माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली, ती थांबलेली नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा. आता इअरप्लगशिवाय मी टेबलामागे जात नाही. मुलगी लहान असताना रात्री पलीकडच्या खोलीत रडायची, तर मी उजवी कूस वर करून झोपायचो, म्हणजे चांगला कान मोकळा राहील. भावाचं पहिलं सामान म्हणून कंट्रोलरच्या, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायच्या यंत्राच्या, आधी चांगले इअरप्लग घ्या.

कॉलेज सोडू देऊ नका. यात समोरासमोर भांडायची गरज नाही. सुपाऱ्या बहुतेक शनिवार-रविवारच्या आणि लग्नसराईतल्या असतात, बाकी आठवडा मोकळाच असतो. पदवी होईपर्यंत हे आरामात सांभाळता येतं, मी पाहिलीत तशी मुलं. साधा कंट्रोलर २५-३० हजारांत येतो, पण लगेच घेऊ नका. लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर टाकून सहा महिने नुसतं कानाने दोन गाणी जुळवू दे, सिंकचं बटण बंद ठेवून. सोबत तुमच्याच भागातल्या एखाद्या साउंडवाल्याकडे शनिवारी पाठवा, वायरी गुंडाळायला. वायर कोपरावर गुंडाळायची नसते, आतली तार पिळली जाते. एक वेढा सरळ, एक उलटा असा घ्यायचा. ते त्याला पहिल्याच रात्री कोणीतरी ओरडून शिकवेल.

आणि त्याच्या फोनमध्ये काही आवाज टिपलेले असतील तर एकदा मागून ऐका. भांडुप स्टेशनचा, आईच्या पाट्यावरवंट्याचा, काहीही. असलं काही सापडलं तर इथे खाली लिहा, मी वाट बघतो.